वन्संची कडक बटणं

माणसं घराबाहेर पडतात ती देव बघायला, डोंगर बघायला, नाहीतर सुनेला चार दिवस मोकळा श्वास घेऊ द्यायला. मी या थंडीत पुण्याहून बारामती आणि इंदापूरकडे जाऊन आले ती कीबोर्डची बटणं आणायला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, कीबोर्ड तर आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो!" मिळतो. पण आम्हाला हवा होता तो कुठल्याच दुकानात मिळत नव्हता. तो माझ्या नातीनं, मुक्तानं, स्वतः बनवला होता आणि तो शालनवन्संसाठी होता.

शालनवन्सं म्हणजे माझी नणंद. आमचं मूळ घर इंदापूरकडच्या बावड्याचं, आणि वन्संना गावातच दिलेलं, त्यामुळे माझ्या लग्नापासून त्या माझ्या मानेवर. बोलण्यात त्यांना हरवणारं माणूस पंचक्रोशीत नव्हतं. मी केलेल्या पहिल्या पुरणपोळीकडे बघून त्यांनी विचारलं होतं, "वहिनी, ही खायची का पांघरायची?" अशा बाईला कंपवात झाला. हात थरथरायला लागले, ते एक वेळ चाललं असतं. पण आवाजही बारीक झाला, शब्द अडकायला लागले. मग घरातली माणसं काय करतात? प्रेमानं वाक्य पुरं करून देतात. वन्संनी "मला..." म्हणायचा अवकाश, कुणी पाणी आणतं, कुणी पांघरूण. आणि या वाक्यं पुरी करणाऱ्यांत फोनवरून सगळ्यात पुढे मी. माझा स्वभावच असा आहे की रिकामी जागा दिसली की भरायची.

फोनवर लिहावं तर काचेवर बोट टेकलं की एकाची पाच अक्षरं. वन्संनी तो नाद सोडला. दिवाळीला मुक्ता बावड्याला जाऊन आली आणि मला म्हणाली, "आजी, शालूआजी गप्प नाहीये. तिला कुणी बोलू देत नाहीये."

तेव्हापासून पोरगी कामाला लागली. तिचा कीबोर्ड म्हणजे एक अखंड फळी नव्हे. पत्त्याच्या कॅटाएवढे तुकडे, कडेला लोहचुंबक, हाताला सोसेल तसे जोडायचे नि फिरवायचे. पूर्णविरामाचं बटण तर एका वेगळ्याच तुकड्यावर, चांगलं रुपयाएवढं. अक्षरांची मांडणी जुन्या मराठी टाइपरायटरची, कारण वन्सं कारखान्याच्या ऑफिसात आयुष्यभर टायपिस्ट होत्या. डोळे मिटून टाइप करायच्या.

सगळं झालं होतं, फक्त स्विच राहिले होते. कीबोर्डच्या प्रत्येक बटणाच्या पोटात स्प्रिंग असलेली एक चिमुकली डबी असते, तिला स्विच म्हणतात. मला इतके दिवस वाटायचं, स्विच म्हणजे दिव्याचाच.

बारामती

मुक्ताच्या मोबाइलवर एक गट आहे. त्यातली माणसं रात्रंदिवस कीबोर्डवर बोलतात. आमच्या भजनी मंडळापेक्षा जास्त निष्ठेनं. त्या गटातला चैतन्य बारामतीचा, कॉलेजात शिकवतो. त्याच्याकडे फार मऊ स्विच शिल्लक होते. "कुरियर नको, येऊनच दाबून बघा," असं त्यानं कळवलं आणि आम्ही सकाळची एसटी धरली.

एमआयडीसीच्या अलीकडच्या कॉलनीत त्याचं घर. त्यानं लाकडाचा एक ट्रे पुढे ठेवला. त्यात रांगेनं नमुन्याचे स्विच. लाल, तपकिरी, जांभळे. मी तर बांगड्या भरायला बसल्यासारखी मांडी घालून बसले आणि एकेक दाबून बघायला लागले. कुठला टकटक करत होता, कुठला अर्ध्यात अडखळत होता, कुठला मुकाट खाली जात होता.

चैतन्यची आई पदराला हात पुसत बाहेर आली. मूळची पणदऱ्याची.

"ह्येच्यासाठी पुण्यास्नं आलाय व्हय?" तिनं मला विचारलं.

"व्हय की," मी म्हटलं. बारामतीचं वारं लागलं की माझी जीभ पुण्याला विसरते.

"मग बरं झालं. मला वाटलं, असलं खूळ आमच्याच घरात हाय. अवो, मागच्या महिन्यात पोरगी बघाय गेलो, तर ह्यो पोरीचं सोडून तिच्या भावाच्या कीबोर्डाकडं बघत बसला."

"आई!" चैतन्य म्हणाला.

"मग, कीबोर्ड कसा होता?" मुक्तानं विचारलं, अगदी मनापासून. तो सांगायला लागला आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून हसलो.

शेवटी त्यानं एक दुधी रंगाचा स्विच माझ्या तळहातावर ठेवला. "आजी, हा बघा. बोट टेकलं तरी खाली जातो."

खरंच जात होता. लोण्यात बोट घालावं तसा. मी म्हटलं, हाच. वन्संच्या बोटांना मुळीच त्रास नको. मुक्ता म्हणाली, हाच. चैतन्य म्हणाला, मलाही हाच वाटला होता. त्याच्या आईनंसुद्धा दाबून बघितला नि म्हणाली, "ग्वाड हाय बया." इतक्या जणांचं एकमत आमच्या घरात लग्न ठरवतानाही झालेलं नाही.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते, लसणाचा सढळ हात पडलेले, वर कच्चं तेल. पुण्यात माझी सून शेंगोळे करते, पण त्यांना "हेल्दी" म्हणते, आणि तिथंच त्यांची चव जाते.

इंदापूरची एसटी

बारामती ते इंदापूर रस्त्याला दोन्ही अंगांना ऊस. कारखाने चालू होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून डुलत चालले होते आणि हवेत मळीचा तो आंबूस-गोड वास. पुण्याची माणसं नाकाला रुमाल लावतात. मला तो वास आला की सासरी आल्यासारखं वाटतं. म्हणजे जरा धाकधूक, जरा भूक.

लासुर्ण्याच्या पुढे ड्रायव्हरनं ट्रॉलीला वाट द्यायला ब्रेक मारला आणि माझ्या मांडीवरची पिशवी उपडी झाली. दुधी रंगाचे ते सगळे स्विच एसटीभर गडगडले.

मागून एक आवाज आला, "आरं, ही कुणाची दातं सांडली?"

बस हसून आडवी. मी तोंड उघडून सगळ्यांना माझे दात दाखवले, तेव्हा कुठं संशय फिटला. मग कंडक्टरपासून सगळे वाकले. एका बाईनं ओटीत गोळा करून दिले. एका आजोबांनी एक स्विच कानाशी नेऊन दाबून बघितला आणि विचारलं, "काय औषिध हाय का?"

"औषधच आहे," मुक्ता म्हणाली. "आमच्या आजीसाठी."

"मग मोजून घ्या बाळा. औषिध कमी पडाय नगं."

इंदापूर

इंदापुरात आमचा मुक्काम नव्हता, पण मी मुक्ताला टायपिंग क्लासची जागा दाखवायला नेलं. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. माझ्या सासऱ्यांनी लेक आणि सून दोघींना मराठी टायपिंग शिकायला बावड्याहून इंदापूरला धाडलं, याचं तेव्हा गावात केवढं नवल झालं होतं! वन्सं खाली मान घालून शिकायच्या. मी मात्र कऱ्हाटीहून आलेली नवी सून, मला मॅडम व्हायची घाई. लांब नखं वाढवून ती गुलाबी रंगवली होती. पहिल्याच आठवड्यात करंगळीचं नख दोन पट्ट्यांत अडकलं आणि मी अशी किंचाळले की खालचा चहावाला वर आला. त्या पोरीला आज भेटले तर मी आधी तिची नखं कापीन आणि मग दृष्ट काढीन. इतकी ती मूर्ख आणि इतकी ती खुशीत होती.

आमच्या मास्तरांचा एक नियम होता. पूर्णविराम पडल्याशिवाय कुणी जागचं उठायचं नाही. टाइप करणाऱ्यानं नाही, बघणाऱ्यानंही नाही. वाक्य अर्धं सोडून उठणं म्हणजे ताटावरून उठणं, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं मी मुक्ताला सांगितलं. क्लासातली एक गोष्ट मात्र गिळली. ती फक्त मला आणि वन्संना ठाऊक आहे. आणि वन्संचा आवाज गेला तेव्हा, म्हणजे वाईट तर खूपच वाटलं, पण मनाच्या एका कोपऱ्यात येऊन गेलंच, की चला, ती गोष्ट आता बाहेर पडत नाही.

रस्त्याकडेच्या हॉटेलात उजनीची चिलापी तळून मिळाली. मी काटे काढत बसले, मुक्ता फोटो काढत बसली. माझं ताट आधी संपलं.

बावडा

वन्संची सून वैशाली दारातच उभी होती. "या मामी!" ही पोरगी दूध डेअरीचं सकाळ-संध्याकाळचं बघून सासूचं असं करते की तिच्या पाया पडावं. वन्संच्या खुर्चीवर मऊ गादी, पाठीला मऊ उशी, पायात मऊ चपला. ताटात दुधात कुस्करलेली भाकरी, अगदी खिरीसारखी, आणि चमचा.

वन्सं माझ्याकडे बघून हसल्या. त्या दुखण्यात चेहरा हलत नाही, पण डोळे तेच. "व... हिनी..."

"हो हो, दमले मी, बसते," मी म्हटलं. त्या काय म्हणणार होत्या, देव जाणे.

संध्याकाळी मुक्तानं तुकडे जोडले, स्विच टपाटप बसवले, वर अक्षरांच्या टोप्या. लॅपटॉपची वायर टीव्हीला लावली, म्हणजे वन्संनी लिहिलेलं सगळ्या घराला दिसेल. वैशालीनं कीबोर्डाला हळदकुंकू वाहिलं. वन्संनी पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि बोटं बटणांवर ठेवली. नुसती ठेवली, टायपिस्ट सुरुवातीला ठेवतात तशी.

आणि टीव्ही भरायला लागला. कककक, मग ररर, मग तततत, ओळीच्या ओळी. वन्संनी काहीच दाबलं नव्हतं. बोटांची थरथर त्या लोण्यासारख्या बटणांना हुकूम वाटत होती. मुक्तानं घाईनं सगळं पुसलं. "पुन्हा, शालूआजी." पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी वन्संनी हात उचलले आणि पदराखाली घेतले. सबंध घराला त्यांची थरथर मोठ्या अक्षरांत वाचून दाखवल्यासारखं झालं होतं.

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"दमलात ना? पडा जरा," मी म्हटलं.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला पुरणपोळीच्या वेळेपेक्षाही लागलं.

मुक्ता अंगणात जाऊन बसली. "आजी, मी तिला आणखी गप्प केलं," ती म्हणाली. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. रिकामी जागा होती, आणि या वेळी भरता येत नव्हती.

बावडा, दुसरी सकाळ

सकाळी मी चुलीपाशी गेले तर वन्सं काठवटीपुढे बसलेल्या. वैशाली "आई, ऱ्हाऊ द्या, आई, मी करते" म्हणत भोवती फिरत होती. वन्सं ऐकत नव्हत्या. तळहात पिठात रोवून, सगळा भार देऊन त्या बाजरीचं पीठ मळत होत्या.

आणि हात थरथरत नव्हता.

मी बघतच राहिले. त्यांनी मळणं थांबवून हात नुसता मांडीवर ठेवला की थरथर सुरू. पुन्हा पिठात रोवला की शांत. त्यांनी मान वळवून मुक्ताला खुणेनं बोलावलं. तिचं बोट धरलं आणि पिठाच्या गोळ्यात रुतेपर्यंत दाबलं. मग तोंड उघडलं. मी माझे ओठ दातांनी धरून ठेवले, खरंच सांगते.

"दाबलं... की... ऱ्हातोय."

मुक्ताचे डोळे मोठे झाले. "आजी! हिला मऊ नकोयत. हिला कडक पाहिजेत. बोटं वर टेकून ठेवता आली पाहिजेत, आणि मुद्दाम जोर दिल्यावरच बटण खाली गेलं पाहिजे. आपण सगळ्यांनी उलटंच..."

पिठाचं बोट घेऊनच तिनं चैतन्यला फोन लावला. तो म्हणाला, तेवढे कडक आता कुणी मागत नाही, माझ्याकडे नाहीत. पण जुन्या वजनकाट्यांवर, पेट्रोल पंपांवर जाडजूड कीबोर्ड असायचे, त्यांत असतात. कुणाच्या अडगळीत असला तर बघा.

वजनकाटे

तालुका उसाचा, त्यामुळे वजनकाट्यांना तोटा नाही. वैशालीच्या ओळखीची रिक्षा करून आम्ही रस्त्यानं निघालो. पहिल्या काट्यावर कीबोर्ड नवा, पापडासारखा पातळ. दुसऱ्या काट्यावर मुक्तानं जुना कीबोर्ड उलटा करून बघितला आणि म्हणाली, "रबर आहे." ते वाईट असतं, एवढं मला तिच्या तोंडावरून कळलं. तिसरीकडे एका गड्यानं सरळ विचारलं, "आजी, भंगार गोळा करता व्हय या वयात?" मी म्हटलं, "हो, तुझ्यापासूनच सुरुवात करते."

इंदापूरच्या अलीकडे एका काट्यावर बाजेवर एक म्हातारा ऊन खात बसला होता. सगळे त्याला आबा म्हणत होते. मुक्तानं विचारलं, तसा तो म्हणाला, "हाय की. आमच्या सुनंनं काडून टाकला. म्हनली, मामा, ह्येनं बोटं मोडत्यात. आवो, बोटं मोडाय काय झालंय? सगळा हंगाम मीच बडवायचो त्येला."

खोलीच्या कोपऱ्यात, पोत्याखाली तो होता. काळा, विटेसारखा जड, धुळीनं माखलेला. मुक्तानं एक टोपी उपसली, आत फुंकर मारली आणि तिथंच मटकन बसली. "हेच. हेच आहेत."

"न्या मग. हितं काय त्येचं लोणचं घालायचंय?" आबा म्हणाला. "पर कुनासाठी?"

मी सांगितलं. हात थरथरतात, आवाज बसलाय, बोलायचं आहे.

आबानं डोक्याचा पटका सारखा केला. मग म्हणाला, "बोलनाऱ्या बाईचा आवाज जानं म्हंजी लई वंगाळ. आमची ही ग्येली, पर जायच्या दिवशीबी मला बोल लावून ग्येली. बरं वाटतं आता आठवलं की." त्यानं हात पुढे केला. "जरा हिकडं द्या. येक डाव."

कीबोर्ड मांडीवर घेऊन त्यानं प्रत्येक बटण एकदा दाबलं. डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत, एकही न गाळता. कशाला जोडलेला नव्हता, कुठं काही उमटणार नव्हतं. बाहेर काट्यावर एक ट्रॅक्टर हॉर्न देत होता, पण टेबलामागं बसलेल्या त्याच्या सुनेनं त्याला हातानंच थांबवलं. शेवटचं बटण दाबून आबानं तो मुक्ताच्या हातात दिला.

"जोरानं बडवा म्हनावं."

पुन्हा बावडा

घरी येऊन मुक्तानं सोल्डरिंगचं सामान मांडलं. जुन्या कीबोर्डावरून एकेक स्विच डाग वितळवून सोडवायचा, पाय घासून साफ करायचे, मग आपल्या तुकड्यांत बसवायचा. अर्धे झाले नि लाइट गेली. वैशाली म्हणाली, "आता चहा घ्या, ती काय लगेच येत न्हाय." चहा झाला, डेअरीचं दूध घालून झालं, तेव्हा ती आली. मला कामाला लावलं होतं, सुटलेले स्विच जुन्या टूथब्रशनं घासायला. वजनकाट्याची कितीतरी वर्षांची धूळ माझ्या नखांत गेली. बिनरंगाच्या, बारीक कापलेल्या नखांत.

दिवेलागणीला सगळं जोडून झालं. या वेळी हळदकुंकू नाही, काही नाही. वन्सं येऊन बसल्या. बोटं बटणांवर ठेवली. बोटं थरथरत होती. टीव्ही कोरा राहिला.

आम्ही श्वास धरला. टीव्ही कोराच.

मग वन्संनी खांद्यापासून जोर दिला. खट्. एक अक्षर आलं. एकच. "भ". मग काना. मग "क". फार वेळानं "री".

"भाकरी!" मी म्हटलं. "भाकरी वाढू का? भूक..."

"आजी, गप्प," मुक्ता म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी वेळेवर गप्प केलं.

खट्. खट्. मोकळी जागा. खट्. बाहेर गोठ्यात म्हैस हंबरली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आणि आम्ही टीव्हीकडे बघत बसलो. इतक्या एकाग्रतेनं मी मालिकासुद्धा बघितलेली नाही. शेवटी उजव्या हाताच्या त्या रुपयाएवढ्या बटणावर वन्संचा अंगठा पडला.

भाकरी कुस्करू नका. मला दात आहेत.

वैशालीनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. तोंडावर पदर घेतला, आणि ती हसतेय की रडतेय ते आम्हाला कळेना. "आई, अवो, मग सांगायचं न्हाय व्हय? येवढं दिस..." आणि तिचं तिलाच कळलं की आपण काय बोलून गेलो. मग ती वन्संच्या गुडघ्याला डोकं लावून खरंच रडली. वन्संचा हात थरथरत तिच्या केसांवर गेला.

जेवायला सकाळची बाजरीची भाकरी होती, कडकडीत झालेली, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. वन्संनी तुकडा मोडला. कर्रकन आवाज आला. तो आवाज ऐकत आम्ही सगळे जेवलो.

ताटं उचलायला मी उठणार, तेवढ्यात वन्सं पुन्हा कीबोर्डापाशी जाऊन बसल्या. खट्. खट्. मी मागे वळून टीव्हीकडे बघितलं.

मुक्ता, इंदापूरच्या क्लासात तुझी आजी शून्य नंबरचा चष्मा लावून यायची

"वन्सं!" मी म्हटलं.

मुक्ता एकदम ताठ बसली. "शून्य नंबर? आजी, नुसत्या काचेचा? कशाला?"

"मॅडम दिसायला," वैशालीच म्हणाली. तिला न सांगता कळलं.

खट्. खट्.

आणि एक दिवस

मी पदर खोचला. "मी भांडी घासते."

"बसायचं," मुक्ता म्हणाली. "तूच सांगितलंस. पूर्णविराम पडल्याशिवाय कुणी उठायचं नाही. बघणाऱ्यानंही नाही."

मी बसले. पुढे काय येणार ते मला अक्षरन् अक्षर ठाऊक होतं, आणि तरी एकदाही मी ते वाक्य पुरं केलं नाही. वन्सं सावकाश, एकेक बटण मनापासून दाबत होत्या. मधेच थांबायच्या, माझ्याकडे बघायच्या, डोळ्यांनी हसायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. एक ओळ भरली, दुसरी भरली. त्या ओळी तुम्हाला मात्र मी सांगणार नाही. अंगठा अगदी त्या मोठ्या बटणापाशी टेकलेला होता, त्याच्यावर थरथरत होता.

पण दाबत काही नव्हत्या.